फळ्यावर लिहिलेला शेवट

सोमवार, १० मार्च

संपली! जेवणाच्या सुट्टीत, दुकानातच, शेवटचं प्रकरण उभ्यानं वाचलं. डबा उघडलाच नाही. संध्याकाळी भरलेला डबा परत दिला तर राधा म्हणते, "भेंडी होती म्हणून का?" — भेंडीचा काय संबंध!

'टेकडीवरचं रेडिओ स्टेशन'. कुमार कादंबरी. बावन्नाव्या वर्षी वाचली आणि आता कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय. हाती आली ती कामातून. हिंदमाताजवळच्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात तिच्या प्रकाशनाचा बॅनर छापायला आला होता. मुखपृष्ठावरचा निळा काही केल्या जुळेना. प्रकाशकाचा माणूस म्हणाला, "चालेल हो काका, निळा तो निळा." असं कसं चालेल? पहाटेचा निळा वेगळा, तिन्हीसांजेचा वेगळा. आत काय आहे ते वाचल्याशिवाय कळणार कसं? म्हणून प्रत ठेवून घेतली. — पहाटेचाच निघाला.

ओवी आणि झीनत, दोघी पंधरा वर्षांच्या. गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांना बंद पडलेली एक सरकारी खोली सापडते, आणि तिथून दोघी आपलं रेडिओ स्टेशन चालवायला लागतात. कुठे उपदेश नाही! आमच्या लहानपणी पुस्तकाच्या शेवटी कुणीतरी गुरुजी येऊन शिकवण द्यायचेच. इथे मोठी माणसं गोंधळलेली आणि मुली आपलं आपण निस्तरतात. मी दहावी झालो नि तडक पेंटरच्या हाताखाली गेलो. ब्रश धरायला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. मधलं ते वय कुठे गेलं कळलंच नाही. ते ह्या पुस्तकात भेटलं.

राधा: "लहान मुलांचं पुस्तक?"
मी: "कुमारांचं."
"अहो, पण तुम्ही कधीपासून कुमार?"

प्रितीला द्यायचं. नववीत आहे, बरोबर त्याच वयाची. वर्षभर तिचं माझं बोलणं म्हणजे "हं", "बघू", "नंतर". पूर्वी लालबागपासून दादरपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत माझ्याबरोबर चालायची — "पप्पा, हा 'क्ष' चुकलाय ना?" आता बोलायला एक विषय मिळाला. मोठा विषय मिळाला!

बुधवार, १२ मार्च

मजाच! तिच्याकडे ही कादंबरी आधीच आहे. मेलानीने दिली. मेलानी म्हणजे समोरच्या इमारतीतल्या हेन्री आणि फ्लॅवियाची मुलगी. बालवाडीपासून दोघी एका बाकावर.

पण खूण अर्ध्यात. विचारलं, कुठवर आलीस?
"वाचतेय."
"रेडिओ पकडला जातो तिथवर आलीस का?"
"पप्पा, प्लीज."

राधा म्हणते, महिनाभर ते पुस्तक तसंच उशाशी पडलंय. महिनाभर! एवढी चांगली कादंबरी अर्ध्यात सोडवते कशी? रस्ता चुकला असेल. कुणीतरी ढकलायला हवं.

शनिवार, १५ मार्च

उपाय सापडला. फळा.

चाळीच्या फाटकातला फळा सव्वीस वर्षं मी लिहितो. सुविचार, पाण्याची वेळ, जयंतीचा कार्यक्रम, कोण गेलं ते. ज्यांच्याकडून घेतला त्या गणपत मास्तरांनी एकच नियम सांगितला होता : बातमी अर्धी लिहायची नाही. माणूस गेला लिहिलंस तर किती वाजता नेणार हेही लिही, नाहीतर लोक दारं वाजवत फिरतात. तो नियम मी कधी मोडला नाही.

आज दुपारभर निळ्या खडूनं लिहिलं. वर ठळक : 'नवी कादंबरी — अवश्य वाचा!' खाली अख्खी कथा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. झीनतच्या वडिलांची बदली होते, ती ओवीला तोंडानं सांगत नाही, शेवटचं प्रसारण रेकॉर्ड करून ठेवते आणि निघून जाते, इथवर. कोपऱ्यात पांढऱ्या-निळ्या खडूनं टेकडी आणि अँटेना. रस्त्यापलीकडून पाहिलं. एक ओळ वाकडी नाही.

रविवार, १६ मार्च

सकाळपासून फळ्यापुढे गर्दी. दूधवालासुद्धा थांबला. चाळीतल्या म्हाताऱ्या रमाबाईंना दिसत नाही, त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून तीनदा वाचून घेतलं.

मग प्रिती खाली आली. मी मुद्दाम पायरीवर बसलो होतो, तिचं तोंड दिसेल असा. वाचत गेली. शेवटच्या ओळीला थांबली. आणि तळहातानं ती ओळ पुसली! नंतर वरची. नंतर त्याच्या वरची. हात निळा झाला.

माझ्याकडे वळली. "सगळं सांगायलाच हवं का तुम्हाला?"

वर गेली. जेवायला बाहेर आली नाही.

सोमवार, १७ मार्च

बोलत नाही.

बुधवार, १९ मार्च

शेजारच्या रुपालीने समजावलं. बँकेत असते, स्पष्ट बोलते. "काका, ह्याला स्पॉयलर म्हणतात. वाचणाऱ्याची मजा मारलीत तुम्ही."
मी म्हटलं, फळ्याचा नियम आहे, बातमी पुरी लिहायची.
"काका! कादंबरी म्हणजे मयत नव्हे."

दिवसभर हे वाक्य डोक्यात. बरोबर बोलली. चुकलं माझं. मुलीबरोबर वाचायची एक वाट होती आणि तिच्यावर मीच खडूनं फुली मारली.

शनिवार, २२ मार्च

दादरला जाऊन दुसरी नवीन कुमार कादंबरी आणली. एक मुलगा बंद नाट्यगृहात लपून राहतो. झकास! दुकानदार विचारतो, मुलासाठी का? म्हटलं, माझ्यासाठी. त्याने अजून दोन काढून दाखवल्या. हल्ली किती येतायत! मला कुणी सांगितलंच नाही.

फळ्यावर लिहिली — पण अर्धीच. दार बाहेरून वाजतं तिथे खडू ठेवला. खाली : 'पुढे पुस्तकात.' हाताला सवय नाही. खडू ठेवताना गणपत मास्तर मागे उभे असल्यासारखं वाटलं.

रमाबाईंनी घरी बोलावून घेतलं. "मेल्या, दार कोण वाजवतंय?"
"आक्का, सांगायचं नसतं."
"मी पंच्याऐंशीची. तुझं पुस्तक संपेपर्यंत मी ऱ्हाईन काय? सांग गपचूप."

कानात सांगितला शेवट. पदर तोंडाला लावून हसल्या, मग डोळे पुसले. शपथ घेतली, कुणाला बोलणार नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला माहीत! पण गंमत म्हणजे चार पोरं पुस्तक मागायला आली. शेवट कळूनही.

प्रिती फळ्यासमोरून गेली. मान वळवली नाही.

शुक्रवार, २८ मार्च

ती अजून "पाणी हवंय?", "गॅस बंद करते" एवढंच बोलते, तेही भिंतीशी बोलल्यासारखं. राधाला म्हटलं, एका पुस्तकासाठी एवढा राग? राधा म्हणाली, "पुस्तकासाठी नसेलही." मग कशासाठी? तिलाही माहीत नाही.

रविवार, ६ एप्रिल

मेलानी फाटकात भेटली. बऱ्याच दिवसांनी. परीक्षा चालू, म्हणून येत नसेल.

"अंकल, प्रितीनं एन्डिंग वाचलं का?"
म्हटलं, वाचलं, पण पुस्तकात नाही. फळ्यावर. आणि हात जोडून माफी मागून टाकली; तिचं पुस्तक, तिला सांगायलाच हवं होतं.
"फळ्यावर? सगळ्यांच्या समोर?"
पोर मटकन पायरीवर बसली. म्हणाली, "ती तिच्या घरी, एकटीनं वाचेल असं मला वाटलं होतं."
पाणी आणायला वर गेलो, येईपर्यंत निघून गेलेली.

स्पॉयलर एवढा वाईट? मला ह्यात काहीतरी समजत नाहीये.

शनिवार, १२ एप्रिल

समजलं.

सकाळी हेन्रीची हाक. "रामदास, तुझा ब्रश अजून चालतो काय रे? जरा पेटीवर नाव टाकून दे. फ्लेक्स-बिक्स नको, तुझ्या हातचं पाहिजे." गेलो. ब्रश धरायला मिळणार म्हणून खूश होतो. खोलीत लोखंडी ट्रंक, भिंतीवरचे फोटो उतरवलेले, भांडी वर्तमानपत्रात. त्याने कागद पुढे केला : नाव, खाली हॅमिल्टन, ओंटारिओ, कॅनडा.

"कोण चाललंय?"
"सगळेच. ईस्टर झाला की. बहिणीनं बोलावलंय, डिसेंबरात पेपर आले." माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "अरे, तुला ठाऊक नाही? मेलानी बोलली, प्रितीला सांगितलं म्हणून!"

फ्लॅविया स्वयंपाकघरातून आली. "तोंडानं नाही सांगितलं, हेन्री. तिला जमतच नव्हतं. म्हणते, मम्मा, मी तिला बुक दिलंय. लास्ट चॅप्टर वाचला की तिला कळेल."

हातात ब्रश. एनॅमल सुकायला लागलं होतं. पहिलं अक्षर घातलं, तिरकं गेलं. टर्पेंटाइननं पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा तिरकं. "असू दे रे," हेन्री म्हणाला. नाही म्हटलं. सरळ होईपर्यंत उठलो नाही.

माझ्या फळ्यानं मुलीला काय सांगितलं होतं! फाटकात, दूधवाल्यासमोर, रंगीत खडूनं, चित्रासकट.

रविवार, १३ एप्रिल

प्रिती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमटे धरायला उभा राहिलो. म्हटलं, "हेन्रीच्या ट्रंकेवर नाव घालून आलो काल."

तिनं आणखी दोन कपडे झटकून दोरीवर टाकले. मग बोलली. किती महिन्यांनी एवढं बोलली!

"मला जानेवारीतच कळलं होतं. तिच्या घरी पासपोर्टचे फोटो बघितले. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. मग तिनं बुक दिलं. अर्ध्यात आल्यावर कळलं, झीनत जाणारे. म्हणून थांबले."
"का गं?"
"मी वाचलंच नाही तर तिनं सांगितलंच नाही ना, पप्पा."

चिमटा माझ्या हातातून खाली पडला, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या लोणच्याच्या बरणीत. खालून आरडाओरडा. ती हसली. आणि हसता हसता रडायला लागली, माझ्या खांद्याला डोकं लावून. "मला माहीत नव्हतं गं" एवढंच तीन-चारदा म्हणालो.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. जय भीम! फळ्यावर कार्यक्रम पुरा लिहिला, वेळ-बिळ सगळं. मेलानी दरवर्षीसारखी निळी ओढणी घेऊन आली. मिरवणुकीत दोघी पुढे. पाणी वाटायच्या टेबलाशी बघितलं तर शेजारी शेजारी ग्लास भरतायत, बोलत नाहीत. मग बघितलं तर दोघी एकदमच बोलतायत आणि रमाबाई मध्ये बसून दोघींना गप्प करतायत.

मंगळवार, २२ एप्रिल

गेले. दुपारचं विमान. निघायच्या आधी दोघी हेन्रीच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसल्या आणि शेवटचं प्रकरण वाचलं, एक पान हिनं, एक तिनं, मोठ्यानं. मी नि हेन्री बाहेर ट्रंक धरून. हेन्री म्हणाला, "टॅक्सीवाला ओरडतोय." म्हटलं, ओरडू दे. आतून आवाज येत होता. जे मी फळ्यावर चार ओळींत उरकलं होतं, ते ऐकायला किती वेळ लागला! आणि मला वाटलं होतं, मी पुरं सांगितलं.

टॅक्सी वळल्यावर प्रिती तडक वर गेली. मागोमाग जाऊ नका, राधानं खुणावलं.

शनिवार, २६ एप्रिल

प्रिती काही वाचत नाही. दादरच्या दुकानदाराने फोन केला, नवीन एक आलीय म्हणाला. आणली. दोन बहिणी आणि एक बंद पडलेली होडी. एका बैठकीत वाचली. चांगली आहे, फार चांगली आहे. कुणाला बोललो नाही. फळ्यावर लिहिलं नाही. टेबलावर ठेवलीय.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी तिनं ती उचलली. मागचं-पुढचं बघितलं. म्हणाली, "पप्पा, ह्यात कुणी जातं का?"

खोटं बोलवेना. म्हटलं, जातं. बरंच पुढे.

"मग तिथवर तुम्ही इथेच बसा," म्हणाली आणि पहिलं पान उघडलं.

बसलोय.