गैरहजर उमेदवार

मेम्फिस,
१४ मार्च १९३२

प्रिय ओझेला,

तुझं पत्र आणि पीचचा मुरांबा, दोन्ही पोचली. साखर नेहमीसारखी जास्त! माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

थॅडियसचं काय झालं ते तू परत विचारलंयस. लेखी परीक्षेत तुझा मुलगा सगळ्यांत पहिला आला. आर्किटेक्टच्या परवान्यासाठी आता मंडळापुढे मुलाखत तेवढी राहिली होती. या राज्यात आपल्यातल्या कुणालाही तो परवाना अजून मिळालेला नाही. आणि मुलाखत कुठे, तर माझ्याच हॉटेलात, वरच्या दालनात! तिथे काळ्या माणसाने जायचं ते मागच्या दाराने, वेटरच्या पांढऱ्या कोटात.

मी म्हटलं, "अरे, तुझा मामा इथे हेडवेटर आहे. माझा कोट चढव, कॉफीचं भांडं उचल. आत गेलास की कोट काढ आणि नाव सांग."

"मामा, बाह्या आखूड होतायत."

"तुला काय लग्नाला उभं राहायचंय?"

हसत हसत गेलो गं आम्ही दोघं.

आत टेबलावर त्याचेच नकाशे पसरले होते. शाळेच्या इमारतीचे. एक जण म्हणत होता, "पोरगा हुशार दिसतो." थॅडियसने भांडं खाली ठेवलं, कोटाची बटणं काढली आणि म्हणाला, "साहेब, हे माझे नकाशे. मी मुलाखतीला आलोय."

अध्यक्षांनी त्याला नीट न्याहाळलं. त्यांना सगळं कळलं, ओझेला. मग थंडपणे म्हणाले, "आम्ही उमेदवाराची वाट बघतोय. तू कॉफी ओत."

त्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. माझ्या मागे मॅनेजर येऊन उभा होता.

मी म्हटलं, "ओत, बाळा."

त्याने सगळ्यांचे कप भरले. नकाशांवर एक थेंब सांडू दिला नाही. अध्यक्षांनी त्याच्यासमोर कागदावर 'गैरहजर' लिहिलं.

माझी नोकरी गेली असती, घर बसलं असतं, हे सगळं खरं. तरी त्या रात्रीपासून मला जेवण जात नाही. तो मात्र मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मंडळ पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. त्याने अर्ज केलासुद्धा. कोट धुऊन, इस्त्री करून मला परत दिला आणि अगदी हळू म्हणाला, "मामा, त्या दिवशी तुम्ही रजा घ्याल का?"

घेईन म्हटलं.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला लाजणारा,
लिअँडर