दादाच्या ट्रॉलीचा हुक

१४ ऑक्टो., नगर
परत तेच. दोन ट्रॉल्या जोडणारा हुक, आमच्याच कारखान्यात बनलेला, ड्रॉइंग माझं. गेल्या हंगामात एक तुटला, उसाची मागची ट्रॉली उतारावर सुटली. मागं कुणी नव्हतं, नशीब. तसलाच हुक गावी, काष्टीत दादाच्या ट्रॉलीला आहे.
कंप्युटरवर हुकाचे तुकडे पाडून ताण देतेय. नुकसान शून्य म्हणजे तुकडा धडधाकट, एक म्हणजे संपला. तुकडे मोठे घेतले की हुक टिकतो, बारीक केले की तुटतो. कसला मेला हिशोब!

१६ ऑक्टो.
कारखान्यातले सर म्हणाले, मोठे तुकडे ठेव आणि हुक ठीक आहे म्हणून सही कर. नाही म्हटलं. 

२० ऑक्टो.
सापडलं!! प्रत्येक तुकडा आपल्यापुरतंच बघत होता. आता स्वतःचं नुकसान ठरवताना आसपासच्यांचंही धरायचं. आई सोयरीक बघताना आधी शेजारीपाजारी चौकशी करते, तसं. (माझ्या बाबतीत अख्खं काष्टी झालं विचारून.) आता तुकडे कितीही बारीक करा, उत्तर तेच. हुकाच्या मानेत आतल्या बाजूला तडा. हा हुक हंगाम काढणार नाही. दादा...

२६ ऑक्टो., काष्टी
दादा म्हणे, "लोखंड हाय ते, पापड न्हाई. तुझा कंप्युटर ऊस वढतो व्हय?" कडाक्याचं भांडण. मग मीच हुक घासला, लाल रंग मारला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली; तडा असला तर त्यात मुरलेला रंग पावडरीवर उमटतो. मानेत आतून बारीक लाल रेघ उमटली. मॉडेलमध्ये होती तिथंच. आधी आनंद झाला, मग दादाकडं बघितलं.
 पाना आणून दादानंच हुक सोडवला. "नवा येईस्तोवर एकच ट्रॉली वढीन. कमाई निम्मी, हे तुझ्या वैनीला तूच सांग."

२ नोव्हें., नगर
नवा हुक: मान जाड, आतला कोपरा गोल. आज चाचणीच्या मशीनवर चढवला; ते रात्रंदिवस त्याला हिसके देत राहणार. सर म्हणाले, "तुझ्या हट्टापायी हे सगळं." पण दिवसभरात चारदा येऊन बघून गेले.

८ नोव्हें.
हंगाम सुरू. जुना हुक जितके हिसके टिकला असता, तो आकडा काल मागं पडला. अजून तडा नाही. पुऱ्या हंगामाइतके हिसके व्हायला बरंच बाकी आहे.
जेवणाच्या सुट्टीत दादाचा रोज फोन. "तुटला का गं?" "न्हाई." "मंग चालू दे." की लगेच कट.
आज कट केला नाही. म्हणाला, "मशीनपशी धर की फोन." धरला. ट्रॅक्टर बंद करून बराच वेळ हिसक्यांची खटखट ऐकत होता.