वरच्या झऱ्यावरची हाक

१२ ऑक्टोबर

आई आज झऱ्यावर घाबरली. अजून एक शब्द बोललेली नाही.

ती टूरबरोबर कधी येत नाही. सकाळी पाहुणे आमच्या घरी येतात. आई त्यांना लोकर पिंजून दाखवते, निवडुंगावरचे किडे त्यांच्या तळहातावर चिरडून लाल रंग काढते, मागावर बसते. सगळे आहाहा करतात. मग मी त्यांना व्हॅनमध्ये घालून वर झऱ्यांवर नेते आणि आई घरीच राहते. आज मात्र म्हणाली, "मीही येते गं. किती दिवसांत ते पाणी बघितलं नाही." ड्रायव्हर कास्तुलोने तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं. "आज गाडी पेत्रोनाबाई चालवणार, धरून बसा!" ती हसली. मग हसलीच नाही.

वर पाहुणे पाण्यात उतरले. माझं रोजचंच चाललं होतं — हे पांढरे दगड म्हणजे गोठलेला धबधबा नव्हे, पाण्यातला क्षार साचून साचून झालेत, पाय सांभाळा! आई कडेच्या लहान कुंडावर वाकली होती. एकदम ओरडली — "इसाउरो!"

धावत गेले तर दगडावर बसलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. चेहरा पांढराफटक.

इसाउरो माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी उत्तरेला गेला, अमेरिकेची सीमा ओलांडायला. सीमेवरच्या गावातून एक फोन आला. मग काही नाही.

१३ ऑक्टोबर

आईने मागाला हात लावला नाही. एका पाहुणीने हळूच विचारलं, आजी ध्यानाला बसल्यात का? मी हो म्हणाले. काय सांगणार!

१६ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणतात रक्तदाब ठीक, साखर ठीक, म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. आई पाणी पिते तेवढंच. हाताची हाडं दिसायला लागलीत.

संध्याकाळी गावात झाडफूक करणारी म्हातारी, दोन्या फिदेन्सिया आली. न विचारता आत, न विचारता खुर्ची. आईची नाडी मनगटावर नाही, दंडावर बघितली. "ही इथे नाहीच. घाबरली तिथेच राहिलीय, पाण्यात. तू नुसतं अंग घरी घेऊन आलीस."

"डॉक्टर म्हणाले —"

"डॉक्टरला बोलव ना मग हाक मारायला! बघू येते का त्याच्या हाकेला."

मला राग आला. पण ती गेल्यावर आईसमोर बसले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. खरंच कोणी नव्हतं आत.

१९ ऑक्टोबर

नेलं तिला वर झऱ्यावर. व्हॅन टूरचीच, त्यामुळे पाहुणेही बरोबर. माझा इलाज नव्हता.

फिदेन्सियाने कुंडाशी फुलं ठेवली, धूप पेटवला, तोंडात मेस्काल दारू घेऊन आईवर फवारा उडवला. मग हिरव्या डहाळीने पाण्याला झोडपत आमच्या भाषेत हाका — "पेत्रोना, ऊठ, चल घरी! चूल विझलीय, चल! इथे काय ठेवलंय तुझं?"

पाहुणे गोळा झाले. फोन वर झाले. कास्तुलोने आपली टोपी काढून एकाच्या फोनसमोर धरली. "साहेब, ह्याचं तिकीट नाही घेतलंत तुम्ही." माणूस ओशाळून मागे सरला.

आणि आई बोलली! इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. अगदी शांतपणे. "मला काय हाका मारता? मी आहे इथेच. त्याला हाका मारा."

फिदेन्सियाची डहाळी हातातच राहिली. आई उठली, दगडाच्या अगदी टोकापर्यंत गेली. मी तिची कंबर धरली. तिने त्याला हाक मारली — लहानपणी जेवायला बोलवायची तशी, शेवटचा ओ लांबवत. दरीतून ती हाक परत आली. पुन्हा मारली. पुन्हा परत आली.

मी पाहुण्यांसमोर रडले. टूर गाईड!

२१ ऑक्टोबर

आई जेवली. दोन टॉर्तिया आणि घेवड्याचं कालवण. मला हायसं वाटलं. तेवढ्यात म्हणाली, "ह्या वर्षी त्याचा फोटो मांडू."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांसाठी घरोघर मांडतात, त्या मांडणीत. बाबांच्या फोटोशेजारी. इतकी वर्षं ती म्हणायची, ज्याला पुरलं नाही त्याला मेलेला म्हणणारी मी कोण!

"आई, कशावरून?"

"पाण्यात दिसला ना. दाढी वाढलेली, थकलेला. जिवंत माणूस पाण्यात कशाला येईल?"

ती मागावर जाऊन बसली. खटखट सुरू झाली. दहा दिवस ज्या आवाजासाठी तडफडले तो आला, आणि मला तो ऐकवेना.

२७ ऑक्टोबर

व्हॅनच्या मागच्या बाकावर कोणी नसतं, तरी तो दिसेल म्हणून आरशात बघते. कुंडाकडे तर मी पाहुण्यांना नेतच नाही आता. आज एकाने विचारलं तिकडे काय आहे. म्हटलं, घसरडं आहे.

३० ऑक्टोबर

बाजारातून झेंडू, ऊस, पाव, चॉकलेट आणलं. फोटोत तो बावीस वर्षांचा. आईने काच शालीने पुसली. मी मांडणीसमोर उभीच राहू शकत नाही.

१ नोव्हेंबर

नीट लिहिते.

टूर रद्द करायची होती पण बुकिंग आधीच झालेलं. आईची अट एकच — "तीनच्या आत घरी ये." आजच्या दिवशी तीनला चर्चची घंटा होते आणि मेलेले एका दिवसासाठी घरी येतात. म्हणून आज आधी झरे, मग घर.

मागच्या बाकावर एक माणूस. टोपी, काळा चष्मा, दाढी. एकटाच. बुकिंगवर नाव रामिरो. झऱ्यावर उतरलाच नाही. कास्तुलो म्हणाला, "गाडी लागली असेल बिचाऱ्याला." मी नीट बघितलंही नाही त्याच्याकडे.

व्हॅन घराशी थांबली आणि घंटा सुरू झाली. आई धूप घेऊन दारात. पाहुणे एकेक करून तिच्या बाजूने आत गेले, ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, रस्त्याकडे बघत होती. सगळ्यात शेवटी तो उतरला. चष्मा काढला.

आईने त्याच्याकडे बघितलं. दचकली नाही. हातातला धूप त्याच्यासमोर हलवला आणि म्हणाली, "आलास? ये. लांबून आलास. बस, जेव."

त्याने पाऊल उचललं तेव्हा मी ओळखलं. डावा पाय किंचित ओढतो, गाढवावरून पडला होता तेव्हापासून. मी खाली त्याची सावली शोधली. होती.

तो मांडणीसमोर बसला, स्वतःच्या फोटोसमोर! आईने मांडलेलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. तो जेवत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. एकीने टाळ्या वाजवल्या.

मी आईला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, तो जिवंत आहे!"

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल. काहींना माहीत नसतं, आपण मेलोय ते."

२ नोव्हेंबर

सकाळी अंगणात इसाउरो सगळं बोलला. मी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. सोडवेना.

पहिल्या वर्षी काम मिळालं नाही म्हणून फोन केला नाही. "मग दुसऱ्या वर्षी कुठल्या तोंडाने करू, सेनाताई? तिसऱ्या वर्षी तर वाटलं, आता मेलो म्हणूनच बसले असाल, बरंय." दारू. मग तुरुंग. उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेतून हाकलून दिलं. तेव्हापासून ओआहाका शहरात, एका खानावळीत भांडी घासतोय. इथून तासाभरावर! किती वेळा बसमध्ये बसला आणि मधेच उतरला.

"त्या दिवशी झऱ्यावर आलो होतो. म्हटलं लांबून तुला बघेन. तर आईच! ती कुंडावर वाकलेली, मी तिच्या मागे. खांद्याला हात लावणार होतो. तिने पाण्यात बघितलं आणि ओरडली. मी पळालो."

मला त्याला मारावंसं वाटलं. मिठी मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

आईला पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली, लहान मुलाचं ऐकून घेतल्यासारखी. दिवसभर त्याच्याशी गोड बोलत होती. वाटेसाठी पाव, संत्री, चॉकलेट बांधून दिलं. तीनची घंटा झाली तेव्हा मेलेल्यांना पोचवायला सगळं गाव निघालं तसं तीही त्याचा हात धरून कब्रस्तानाकडे निघाली.

तो माझ्या कानाशी म्हणाला, "मी काय करू?" मी म्हटलं, "चल तिच्याबरोबर."

बाबांच्या थडग्याशी तिने त्याला बसवलं. केसांवरून हात फिरवला. "जा आता. रडू नकोस. बाबांच्या जवळ राहा." आणि निघाली. मागे वळून बघितलं नाही, मेलेल्यांना निरोप देताना बघायचं नसतं. तो संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन तसाच बसलेला, माझा जिवंत भाऊ. शेवटी कास्तुलोने त्याला दंडाला धरून उठवलं आणि आपल्या घरी नेलं.

३ नोव्हेंबर

सकाळी इसाउरोने दार वाजवलं. आईने उघडलं. "कालच गेलास ना? आज कोणी येत नसतं." तो म्हणाला, "मला जायचं नाही, आई." ती जवळ आली. मग कान त्याच्या छातीला लावला. खूप वेळ. मग तिने मागे होऊन त्याच्या अशी थोबाडीत दिली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. तो गाल धरून रडतोय आणि आई त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरून विचारतेय — "दुखलं? दुखलं ना रे? सांग ना, दुखलं ना?"