काटा की भेग

१४ जून १८४१, सोमवार

ओस्बर्नचं उत्तर आजही नाही. तीन पत्रं गेली! चेशायर इंग्लंडातच आहे, काही चीनमध्ये नाही. बोटीला एक दिवस, टपालाला दोन.

मागतोय काय, तर त्याच्याकडचा दगड झालेला अर्धा मासा, तोही महिनाभरासाठी. गेल्या ऑगस्टमध्ये इकडे आयर्लंडात, टायरोनच्या खाणीत आम्ही दोघांनी एक शिळा फोडली. मधोमध उकलली आणि दोन्ही फळ्यांवर तोच मासा निघाला — एकीवर उठाव, दुसरीवर त्याचा खळगा. अशा वेळी नाणं उडवायचं, जिंकेल त्याने आपला अर्धा निवडायचा आणि हरणाऱ्याने कुरकुर करायची नाही, हा आमचा वीस वर्षांचा रिवाज. तो जिंकला. त्याने उठाव घेतला. मी कुरकुर केली नाही. फार केली नाही.

भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून. फळी नाकाला लावून, वर अंगठा फिरवत हा म्हणतो, “लॉरी, पाठीवरच्या पराच्या पुढे काटा आहे बघ.” मी म्हटलं, दगडाला भेग आहे. काटा असेल तर हा जुनाच, सगळ्यांच्या माहितीतला मासा. नसेल तर नवी जात, आणि तिला आमच्या ड्रमरेन घराण्याचं नाव. रात्रीच्या जेवणापर्यंत वाद चालला. दुसऱ्या दिवशी स्वारी बॅगा भरून निघून गेली.

१७ जून

स्वित्झर्लंडहून प्राध्यापक माराँ आले. माझ्या माशांची चित्रं काढून त्यांच्या ग्रंथात छापणार. दोन जुलैला परत जाणार. दोन्ही अर्धे समोर असल्याशिवाय नव्या जातीचं नाव देणार नाहीत म्हणे. माणूस भला आहे, पण चहात चार चमचे साखर घालतो.

ऑगस्टाने आज तोंड सोडलं. धाकटी बहीण, पण घर तीच चालवते, त्यामुळे बोलायचा हक्क आपलाच असं तिला वाटतं. “जेवणाच्या टेबलावर सत्तर मासे, आणि ताटात रोज मटण! बाबांनी तुला पार्लमेंटात पाठवलं ते खडी फोडायला का?”

मी म्हटलं, पार्लमेंटातली बरीचशी मंडळी याहून जास्त दगड झालेली आहेत. ती हसली नाही.

२१ जून

चौथं पत्र धाडलं. आता भीडभाड ठेवली नाही. लिहिलं: ‘डोळ्यांवर पट्टी बांधून बसला आहेस का? एकदा डोळे उघडून बघ, भेग आहे हे पोरालाही दिसेल. हरायची भीती वाटत असेल तर तसं कळव.’

ऑगस्टाला वाचून दाखवलं. “टाकू नको रे हे पत्र,” म्हणाली. टाकलं.

२४ जून

निवडणूक. आमचा एजंट हॅसार्ड सकाळीच उगवला. “लॉर्डसाहेब, विरोधात कोणी उभं नाही, पण भाषण तरी करा. लोक चार कोसांवरून येणार.” धान्यावरच्या जकातीबद्दल बोला म्हणतो. मी विचारलं, मागच्या वेळी कशाबद्दल बोललो होतो? म्हणाला, “माशांबद्दल, साहेब. पाऊण तास.”

ओस्बर्नही त्याच्या मतदारसंघात उभा राहायचा. या खेपेला राहिलेला नाही असं वर्तमानपत्रात आहे. कारण दिलेलं नाही. आळशीपणा, दुसरं काय! बरोबर वीस वर्षं काढलेल्या माणसाने चार ओळी लिहू नयेत याचा मला राग आहे. राग म्हणजे, वाईट वाटतं.

२७ जून

उत्तर नाही.

३० जून

खोकं आलं! भुसा, फ्लॅनेल, आणि आत त्याचा अर्धा मासा. बरोबर चिठ्ठी नाही, चिटोरंसुद्धा नाही. एवढा ताठा!

दोन्ही अर्धे शेजारी ठेवून प्राध्यापक तासभर भिंगातून बघत होते. त्या जागी नेमकी पांढरी रेघ आहे, चुन्याने भरलेली. शेवटी म्हणाले, “तुमचंच बरोबर दिसतंय. भेगच.” नवी जात. आमचं नाव.

ऑगस्टा म्हणाली, “झालं ना तुझ्या मनासारखं? मग जेवत का नाहीस?”

२ जुलै

सकाळी प्राध्यापक चित्रं घेऊन डब्लिनकडे गेले. दुपारी एनिस्किलनमध्ये बिनविरोध निवडून आलो. जकातीवर बोललो. लोक कंटाळले. मागून एकाने ओरडून विचारलं, “मासे कसे आहेत, साहेब?” त्यावर मात्र टाळ्या पडल्या.

३ जुलै

हॅरिएटचं पत्र. ओस्बर्नची बायको.

त्याला नाताळपासून काहीही दिसत नाही. खाणीत आला तेव्हाच निम्मी नजर गेली होती. माझी चारही पत्रं तिनेच त्याला वाचून दाखवली. पट्टीचं वाक्य ती गाळणार होती, पण त्याने ओळखलं आणि वाचायला लावलं. मला कळवायचं नाही अशी त्याने तिला शपथ घातली होती. कळलं असतं तर मी नाणं न उडवता चांगला अर्धा दयेने त्यालाच दिला असता, म्हणाला. चौथ्या पत्रानंतर तिने शपथ मोडली.

शेवटी त्याचा निरोप: ‘लॉरीला सांग, डोळे मीट आणि शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरव. भेगेला दात नसतात.’

दार लावलं. डोळे मिटले. त्याच्या अर्ध्यावरच्या त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

दात आहेत. एका ओळीत, आरीसारखे.

प्राध्यापकांच्या मागे घोडेस्वार धाडला आहे, ते नाव खोडा म्हणून. चेशायरला पत्र लिहिणार नाही. उद्याच्या बोटीने मीच जातो. खिशात नाणं घेतलं आहे.