दोघींची सीट

११ नोव्हें., मंगळ.
पाठ. सकाळपासून दुसरं काही सुचत नाही. दोन्ही खांद्यांच्या मधोमध खिळा ठोकल्यासारखं दुखतं आणि पाजायला वाकलं की तो खिळा आणखी आत जातो. उजव्या हाताला पुन्हा मुंग्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. हात झटकला की जातात, पाजायला बसलं की परत हजर.

आई म्हणते, "मांडी घालून बस, पाठ भिंतीला टेकव. आम्ही काय खुर्च्यांवर बसून पाजलं व्हय?" घातली मांडी. चिमी खाली मांडीवर, मी वर. मग वाकायचं कुणी? मीच.

इतकी वर्षं एस.टी.त कंडक्टर. पैठण रोडच्या खड्ड्यांत दांडी न धरता उभं राहून तिकिटं दिली. आणि आता अडीच महिन्यांचं लेकरू पाजताना रडकुंडीला येते. डेपोतल्या पोरींना कळलं तर हसतील मेल्या.

१४ नोव्हें., शुक्र.
लिहू की नको. लिहितेच.

दुपारी पाजत होते, उ. हात तिच्या मानेखाली. हात कधी बधिर झाला कळलंच नाही आणि चिमीचं डोकं कोपरावरून सरकून खाली उशीवर गेलं. एवढंसंच. रडलीसुद्धा नाही. तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली, जणू विचारतेय, बाई, गाडी का थांबवली? मी तिला डाव्या हातानं छातीशी ओढली.

आई मोरीत लंगोट धूत होती. तिला सांगितलं नाही. संदीपलाही नाही. (समोर 'अहो', वहीत संदीप.)

आई १ तारखेला हर्सूलला परत जाणार. अंगणवाडीत मदतनीस आहे, रजा संपतेय. संदीप दिवसभर चितेगावला कंपनीत. म्हणजे पडेगावच्या या खोलीत मी, चिमी आणि हा हात. तिला उभ्यानं घेतलं आणि तेव्हाच बोटं गेली तर?

१६ नोव्हें., रवि.
संदीप भंगारवाल्याकडून बसची सीट घेऊन आला!! खरीखुरी, दोन माणसांची, जुन्या बसमधली. मित्राच्या टेम्पोत मागे बांधून. भंगारवाला म्हणे, "बच्ची के वास्ते है तो फटेली नक्को, ये अच्छीवाली लेके जाव." खाली लोखंडी पाय संदीपनं स्वतः वेल्डिंग करून लावले. शेजारचे सगळे बघायला.

आई दारातच उभी. "संदीपराव, घरात काय उचलून आणलंत हे?"

"तिची पाठ टेकायला, आई. तिला सवयीचं राहील."

सवयीचं! सगळी नोकरी त्या सीटांच्या मधून चालण्यात गेली, बसायला मिळालं कधी?  पण हाताला वेल्डिंगचा चटका बसला होता त्याच्या, तो लपवत होता. लई गोड माणूस आहे, वहीत लिहायला हरकत नाही.

१७ नोव्हें., सोम.
पाठ टेकते. खरंच बरं वाटतं. पण पाय अधांतरी. शहाण्यानं माप स्वतः बसून घेतलं होतं, स्वतःच्या ढांगांचं! अर्ध्या तासात दोन्ही पायांना मुंग्या.

आई हसून हसून बेजार. "हाताच्या मुंग्या जावयानं पायात धाडल्या!"

संध्याकाळी त्यानं कटर आणून सीटचे पाय कापले. चिमी त्या आवाजात गाढ झोपली. मी नुसती कूस बदलली तर जागी होते.

२० नोव्हें., गुरु.
मी खिडकीच्या बाजूला बसते, शेजारची जागा रिकामी असते. परवापासून आई येऊन बसते तिथं. आधी लसूण सोलायला म्हणून, मग नुसतीच. माझं कोपर तिच्या मांडीवर टेकतं. पाठीचा खिळा बराच सैल झालाय.

हात तसाच.

आज आई लसूण सोलता सोलता म्हणाली, "तू तिला उभ्यानं का घेत नाय?"

घेते की, म्हटलं.

"नाय घेत. लई दिवस झाले बघते मी. 'दे गं इकडं' म्हणतीस अन् बसून ऱ्हातीस."

मग सगळं सांगितलं. उशीवर सरकली तेही. रडले. आईनं लसणाच्या हातानंच माझं तोंड पुसलं, डोळे आणखी चुरचुरले. म्हणाली, "मी जातच नाय मग. देते सोडून नोकरी."

यावर मी भडकले. का कोण जाणे. म्हटलं, तू तुझी नोकरी माझ्या अंगठ्यापायी सोडायची? मग चिमी चालायला लागल्यावरही तूच उचलणार का? आई उठून आत गेली. रात्रीची भाकरी नेहमीपेक्षा जाड.

२२ नोव्हें., शनि.
डॉक्टरीणबाईंकडे. आई सोबत, अबोला सोबत.

बाईंनी मनगट दाबून, वाकवून बघितलं. बाळंतपणात सूज येते, मनगटातली नस दबते, पाजणाऱ्या पुष्कळ बायांना होतं. रक्त तपासायला दिलं. झोपताना मनगटाला पट्टा. "मनगट दुमडून धरू नका. आणि तुम्ही बाळाकडे वाकू नका, बाळाला तुमच्याकडे आणा."

पाजणं बंद करावं लागेल का, विचारलं. म्हणाल्या, "अजिबात नाही." तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

कधी जाईल? "बहुतेकींचं आपोआप जातं." बहुतेकींचं. हातातून वस्तू पडायला लागल्या तर लगेच या, म्हणाल्या. 

रिक्षात आई बोलली. "आमच्या वक्ताला व्हतंच की हे. कुणाला सांगावं म्हणून कळत नव्हतं." मी तिचा हात धरला, डाव्या हातानं.

२५ नोव्हें., मंगळ.
आईनं नवी टूम काढलीय. बोटांवर भरवसाच ठेवायचा नाही. खाटेवर बसायचं, चिमीला छातीशी ओढायचं, दोन्ही हात कोपरापर्यंत तिच्याखाली घालायचे, मग उठायचं. पाटी उचलतात तशी.

आई समोर उभी, हात पाठीमागे. मदत करायची नाही असं ठरलंय. मी उठले. खाट ते दार, दार ते सीट. आईचे हात दोनदा पुढं आले, दोनदा मागं गेले. चिमी माझ्या मानेत नाक खुपसून दुधाचा वास घेत होती. किती दिवसांनी असं घेतलं तिला. किती जड झालीय माझी बाई, मला माहीतच नव्हतं.

२८ नोव्हें., शुक्र.
संदीप हळूच म्हणाला, दिवसा वरचं दूध दिलं तर? तुला आराम.

मी एकदम अंगावर गेले त्याच्या. मग जेवताना वाईट वाटलं. त्यानं त्याच्या परीनं विचारलं. पण चिमी पिताना एक हात माझ्या गळ्यापर्यंत आणते, हनुवटी चाचपते. ते मला सोडायचं नाही. सांगितलं त्याला. "बरं," म्हणाला, आणि माझ्या ताटातली मिरची काढून घेतली.

रक्तात काही नाही. आईचं अजून ठरत नाही. पिशवी भरते, परत सोडते.

१ डिसें., सोम.
संदीप पहाटेच पहिल्या पाळीला गेला. आई निघाली. चिमीला अंघोळ घालून, पावडर लावून, माझ्यासाठी डाळ-भाजी करून. दारात म्हणाली, "जाते." येते म्हणायचं असतं, तेही विसरली.

नंतर घर एकदम मोठं झालं. चिमी झोपली होती तोवर मी शूर. उठली, किंचाळली. खाटेवर बसले, ओढली, कोपरापर्यंत हात घातले, उठले. अंगठा बधिरच. पण मनगटाच्या वर ती पूर्ण कळत होती, तिचं पोट, तिच्या लाथा. सीटवर पोचलो. डाव्या बाजूला पाजली. शेजारची जागा रिकामी, तिथं उशी घातली.

फोन वाजत होता. हात मोकळा नव्हता, वाजू दिला. पुन्हा वाजला. चिमीला खांद्यावर घेऊन कोपरानं स्पीकर लावला.

"पेली का?"

पेली.

"उचलली तूच?"

मीच. तू पोचलीस?

मागून हॉर्न, कुणीतरी भाजी ओरडतंय.  मग आई म्हणाली, "मी इथंच हाय. पडेगावच्या स्टॉपवर. दोन गाड्या सोडल्या." 

मला हसू आलं आणि रडूही. एवढा वेळ उन्हात उभी.

"तिसरी येतीय बघ. सांग लवकर. चढू का माघारी येऊ?"

मी चिमीची पाठ थोपटत होते. बोटांत मुंग्या सुरू झाल्या होत्या, हात मात्र चालू होता. म्हटलं, थांब जरा आई, हिचा ढेकर निघू दे, मग सांगते.