आमदार ताईला द्यायची निवेदनं

अल नहदा, शारजा

तीर्थस्वरूप नीलिमाताईस,

समाधानचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतो, म्हणून खुर्चीत बसूनच). तुझी पाठ कशी आहे? भावजींची साखर? आम्ही ठीक. चकल्यांच्या ऑर्डरी चालू आहेत, लिफ्ट बंद आहे. मेल करता आली असती, पण तू वकील. कागदावरचं तेवढं मानतेस.

चौदा तारखेला भारतात जाताना तू दुबईत सहा तास थांबणार, हे मी इथल्या मराठी मंडळात बोलून बसलो. तुझा सत्कार अण्णासाहेबांनी तिथल्या तिथं ठरवला. (अण्णासाहेब आमचे अध्यक्ष. बांधकामाची कंत्राटं घेतात. माणूस चांगला, ऐकून घेत नाही.) मी सांगितलं, ताई अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत आहे, इथे तिचं काही चालत नाही. ते म्हणाले, "आमदार तो आमदार. आला की निवेदन द्यायचं. यल्ला, लागा कामाला."

आजवर एकेचाळीस निवेदनं जमली. आमची लिफ्ट त्यात आहे. खालचे किराणावाले तहसीनभाई, त्यांच्या दुकानासमोरचं पार्किंग आहे (हिंदीत). अल क्वोजच्या वर्कशॉपमधल्या रामेश्वरला गावच्या ओढ्यावर साकव हवाय. सोबत ओढ्याचा फोटो, फोटोत म्हैस. मी म्हटलं, अरे, अमेरिकेचा काय संबंध? तो म्हणाला, "गावच्या आमदाराला सहा वेळा दिलं, भाऊ. हिला एकदा देऊन बघू."

तुझा परिचय मी लिहिला. रत्नागिरीला वकिली शिकली. अमेरिकेत ती पदवी चालेना, म्हणून अडतिसाव्या वर्षी पोरांचे डबे भरून पुन्हा परीक्षेला बसली आणि नापास झाली. परत बसली. दहा वर्षं घराबाहेर काढलेल्या भाडेकरूंचे खटले चालवले. पहिली निवडणूक दोनशे बारा मतांनी हरली. दुसरी जिंकून, हिवाळ्यात भाडेकरूचा हीटर बंद करता येणार नाही, एवढा एक कायदा तीन वर्षं भांडून करून घेतला. अण्णासाहेब म्हणाले, "नापास काढा. हरली काढा. हीटरचं शारजात कुणाला काय?" एवढं काढल्यावर रत्नागिरी उरली. मी सगळं परत घातलं.

टाइप पर्णिकाने केलं. (आमची पर्णिका यंदा बारावी झाली. तिला वकील व्हायचंय, मला ती फराळाच्या धंद्यात हवी आहे. तीन महिने घरात कामापुरतं बोलणं. कॉलेजच्या फॉर्मची मुदत वीस तारखेपर्यंत.) 'नापास'पाशी ती थांबली. "शी फेल्ड, अँड दे स्टिल लेट हर?"

मी म्हटलं, कुणी लेट केलं नाही.

मग आठवलं. त्याच वर्षी मी तुला पत्र लिहिलं होतं, परीक्षेचा नाद सोड, तिथे डब्यांचा धंदा काढ. तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस.

शालीचा रंग भडक आहे, सहन कर. मुलांना आशीर्वाद, मतदारांना नमस्कार.

तुझा,
समाधान

ता. क. गठ्ठ्यात बेचाळिसावं निवेदन सापडलं. विषय : वडिलांचं मन वळवण्याबाबत. तीन पानं, मुद्देसूद, पुरावा म्हणून तुझा परिचय जोडलेला. बाकीची विमानात वाच. हिला मात्र समोर बसवून अर्धा तास दे, मीही बसेन.

आणखी एक. फॉर्मवर मी काल सही केली आहे. तिला सांगू नकोस. आधी तिची बाजू पूर्ण मांडू दे. मी विरोधात बोलेन, जमेल तेवढं.