बाबांच्या नावापुढचा आकडा

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. सगळे बरे असाल. दादाचा खोकला गेला का? छोटीचा पुढचा दात पडला म्हणे. आणि बाबा? चहात पुन्हा दोन चमचे साखर घेतात ना?

फोनवर बोललो की बाबा शेजारी कान टवकारून बसतात, म्हणून मेल लिहितेय.

आठवडाभर डोक्याला ताप आहे. आमच्या कंपनीचा सर्व्हर एका लॅबचे रिपोर्ट साइटवर लोकांना दाखवतो. त्याची परीक्षा घेणारा, पर्ल नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्राम आहे. तो सर्व्हर सुरू करतो, खोटे पेशंट पाठवतो, उत्तरं तपासतो. त्यातली एक चाचणी एकटी चालवली की पास, दुसरीच्या मागून चालवली की नापास. टीममध्ये एक ‘आजोबा’ आहेत; वय चाळीस, पण सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "परीक्षकच म्हातारा झालाय. काढून टाक ती चाचणी." साहेबांनीही मान डोलावली.

काढायला बसले, पण हात धजेना. जेवताना तेच, आंघोळीत तेच. काल सहज चाचण्यांचा क्रम उलटा केला, तर पास होणारी नापास झाली आणि नापास होणारी पास. म्हणजे जी मागून येते ती नापास; परीक्षक बरोबर होता. सर्व्हरच पहिल्या पेशंटचा आकडा धरून ठेवतो आणि पुढच्याच्या नावापुढे तोच छापतो. महिनाभर हे चाललंय. आजोबांनीच साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी साइट बंद केली.

किती टाळू? बाबांची तपासणी मी याच महिनाभरात, याच लॅबमध्ये करवली होती. साखर नॉर्मल आली, म्हणून गोळ्या थांबल्या. तू म्हणत होतीस, "बाबा सारखे पाणी पितात," आणि आम्ही भावंडांनी तुला रिपोर्ट दाखवून गप्प केलं.

उद्या सकाळी उपाशीपोटी त्यांना दुसऱ्या लॅबमध्ये ने. कारण काहीही सांग.

तुझी,
घाबरलेली नणंद

रविवार, १६ मार्च

वहिनी,

बाबांची साखर तीनशे चाळीस, हे तीनदा वाचलं. डॉक्टर ‘वेळेवर आणलंत’ म्हणाले, हेही तू लिहिलंस म्हणून जरा धीर आला. लॅबवाले कालपासून एकेका पेशंटला फोन करून परत बोलावताहेत.

बाबांना आत्ताच फोनवर खरं काय ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग ती नॉर्मल साखर कुणाची होती?" मी म्हटलं, माहीत नाही. "असो. सुखी राहो बिचारा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

उद्या रजा टाकून येतेय. तू काही म्हणालीस तर आधी तुझं ऐकेन, मग कागद बघेन.

तुझ्या शब्दावर विसंबलेली,
नणंद